नऊ नंबरचा सापळा

"एकतीस," गजरामावशी म्हणाली. "तुझं किती?"

माझेही एकतीसच झाले होते. तिच्या ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर मेलेल्या माश्या दहा-दहाच्या तीन ओळींत लावल्या होत्या आणि खाली एक उरली होती. घरातल्या माशीपेक्षा जरा लांबट, अंग तांबूस पिवळं, पंख काचेसारखे. ती काडीनं सरकवत मोजायची, मी टाचणीनं. दोघींचा आकडा जुळला की मी वहीत लिहायचे: सापळा क्रमांक नऊ, गजराबाई भिंताडे यांची बाग, एकतीस. मग ती कागद गुंडाळून चुलीत घालायची आणि चहाला आधण ठेवायची.

"मागल्या शनवारी चौतीस होत्या," ती म्हणाली. "कमी व्हाया लागल्यात."

मी हो म्हटलं. मला माश्यांपेक्षा चहाची घाई असायची. तिथं बसले की कुणी मला हाक मारत नसे.

ही दोन हजार चार सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि लग्न होऊन हिरडखोऱ्यात आल्याला तीन वर्षं झाली होती. नावाप्रमाणेच ते खोरं होतं. तिन्ही बाजूंना कडे, आणि चौथीकडून घाट उतरून आलेला एकच रस्ता. एसटी दिवसातून दोनदा यायची, दरड आली की तीही नाही. तळाला भाताची खाचरं आणि वर उतारावर जिकडं बघावं तिकडं पेरूच्या बागा. उंचावरच्या गार हवेनं त्या पेरूला गोडी यायची आणि खालच्या शहरांत खोऱ्याचा पेरू म्हणून लोक तो मागून घ्यायचे. दुसरं काही तिथं पिकत नव्हतं.

आदल्या हंगामात माशी लागली. बाहेरून फळ चांगलं टवटवीत दिसायचं. सालीवर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, एवढंच. कापलं की आत पांढऱ्या अळ्या. माशी सालीला भोक पाडून आत अंडी घालते, अळी आतल्या आत फळ खाते, फळ गळून पडतं, अळी मातीत शिरते आणि तिची पुन्हा माशी होते. पुण्याच्या व्यापाऱ्यानं आमच्याकडून नेलेल्या तीन गाड्या बाजारातून तशाच परत आल्या. त्यानं निरोप धाडला, की या हंगामातही अळी निघाली तर घाटाखाली गाडी पाठवणार नाही. खोऱ्यात सव्वाशे घरं होती आणि तो एकच व्यापारी एवढ्या आत यायचा.

म्हणून समिती झाली. माझे सासरे, ज्ञानोबा कुंजीर, अध्यक्ष. सगळं खोरं त्यांना आबा म्हणायचं. कृषी खात्याकडून नेटके नावाचे साहेब आले आणि त्यांनी बागांमधून बावीस सापळे टांगले. सापळा म्हणजे प्लास्टिकची बाटली, तिला बाजूनं भोकं, आणि आत औषधात भिजवलेला लाकडाचा ठोकळा. त्या वासावर नर माश्या आत शिरतात आणि तिथंच मरतात. दर आठवड्याला बाटल्या रिकाम्या करून माश्या मोजायच्या. जिथं आकडा मोठा, तिथं माशीचं मूळ. नेटके साहेबांनी विचारलं, नेमकं मोजू शकेल असं माणूस कोण आहे, आणि कुणीतरी सांगितलं, आबांची सून बी.एस्सी. झालेली आहे, तेही प्राणिशास्त्र घेऊन.

आबा नाही म्हणू शकले नाहीत. अशा रीतीनं मला शनिवार मिळाला.

शनिवार म्हणजे काय, हे सांगायला आमचं घर सांगावं लागेल. आमच्या घरात कुणी आवाज चढवत नसे. मागचं दार गोठ्यात उघडायचं आणि गोठ्यापलीकडं भिंत होती. बाहेर पडायचं तर पुढच्या दारानंच, आणि त्या दारात खुर्ची टाकून आबा बसलेले असायचे. मान वर न करता ते एकच शब्द विचारायचे, "कुठं?" दळणाला, विहिरीवर, पेरूच्या शेडमध्ये, असं काहीतरी सांगावं लागे. नुसतं बाहेर, असं उत्तर त्या घरात नव्हतं. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती, की मुलीला बी.एड. करू द्या. आबांनी हो म्हटलं होतं. पहिल्या वर्षी नणंदेचं लग्न निघालं. दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी मी स्वतःच साताऱ्याहून फॉर्म मागवून घेतला होता आणि तो ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून, कोणत्या दिवशी विषय काढावा याचा विचार करत होते. माझा नवरा दिगंबर स्वभावानं चांगला होता. पण आबांसमोर त्याचं बोलणं घशातच राहायचं.

शनिवारी मात्र मी वही आणि टाचणी घेऊन निघायचे आणि आबा काही विचारत नसत. सकाळपासून दुपारपर्यंत मी एकटी खोरंभर फिरायचे. नऊ नंबरला पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर यायची.

गजरामावशीची बाग ओढ्याच्या तोंडाशी, घाट सुरू होतो तिथं होती. त्रेचाळीस झाडं, सगळी जुनी, आत गुलाबी गर असलेली. तिचा नवरा वर थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलात आचारी होता आणि तिथंच दुसरं घर करून राहिला होता. तिनं त्याच्यामागं जाऊन भांडण केलं नाही, की तो आला तेव्हा त्याला घरात घेतलं नाही. तिचा पेरू व्यापाऱ्याला चालत नसे, बिया फार म्हणून. ती टोपली घेऊन घाटाच्या वळणावर बसायची आणि गाड्या थांबवून खोरं बघायला उतरलेल्या लोकांना पेरू चिरून तिखटमीठ लावून द्यायची. रोज सकाळी उठल्याबरोबर झाडांखालचं एकूण एक पडलेलं फळ ती वेचायची, मोठ्या पातेल्यात उकळायची आणि शेळ्यांना घालायची. नेटके साहेबांनी सांगायच्या आधीपासून तिचा तो रिवाज होता. पडीक फळ झाडाखाली ठेवणं तिला उष्टं ताट ठेवल्यासारखं वाटायचं.

त्या शनिवारी तिच्याकडून निघाले आणि फेरीतला शेवटचा, सतरा नंबरचा सापळा राहिला. तो आमच्याच शेडच्या मागं, घळीच्या काठावर होता. प्रतवारी करून पेरू पेट्यांत भरायची शेड आमच्या जागेत होती आणि सगळ्या खोऱ्याचा माल तिथूनच जायचा. सतरा नंबरला मी कधी गेले नव्हते. पहिल्याच आठवड्यात दिगंबर म्हणाला होता, तिकडं फार घसरडं आहे, मी मोजून सांगत जाईन. तो सांगायचा पंचवीस, कधी अठ्ठावीस, आणि मी लिहून घ्यायचे. त्या दिवशी तो ट्रॅक्टरच्या कामाला तालुक्याला गेला होता. वही अर्धवट राहू नये म्हणून मी गेले.

बाटली निम्म्याहून जास्त भरलेली होती. मला आधी वाटलं, आत माती गेली आहे. कागदावर उलटी केली तर ढीग झाला. तिथंच दगडावर बसून मी मोजल्या. चारशे बारा.

मग मला वास आला. घळीत उतरायला पायवाट नव्हती, पण ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा काठापर्यंत आलेल्या होत्या. करवंदीच्या जाळीला धरून मी थोडी खाली गेले. शेडमधून बाद झालेला सगळा पेरू तिथं होता. एका दिवसाचा नव्हे, महिन्यांचा. वरचा थर पिवळा, खालचा काळा, आणि सगळा ढीग बारीक हलत होता. उन्हात माश्यांचं धुकं त्याच्यावर चढत-उतरत होतं. नियम असा होता, की बाद फळ दोन हात खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. खड्डा शेडच्या शेजारी खणलेला होता आणि त्यात पावसाचं स्वच्छ पाणी साठलं होतं. चुन्याच्या गोण्या शिवलेल्याच होत्या.

घरी येऊन मी सरळ आबांपुढं उभी राहिले आणि सांगितलं. मला खरोखरच वाटलं होतं, की त्यांना हे माहीत नसेल. माणसांनी आळस केला असेल. आकडा ऐकून ते खुर्चीवरून उठतील.

ते उठले नाहीत. मला बसायला सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासमोरच्या बाकावर बसले. त्यांनी शांतपणे समजावलं, की हंगामात माणसं मिळत नाहीत, खड्डे खणत बसलं तर माल सडतो, आणि घळ तशीही कुणाच्या वापरात नाही. आता पुरून टाकू, आजच सुरुवात करू, आठ दिवसांत घळ कोरी दिसेल. चूक झाली हे त्यांनी मान्य केलं. पण बुधवारी सभा होती. व्यापाऱ्याचा माणूस येणार होता, नेटके साहेब येणार होते. समितीच्या अध्यक्षाच्याच शेडमागं माशी पोसली जाते, हे त्या माणसाच्या कानावर गेलं तर गाडी बंद होईल, आणि ती फक्त कुंजीरांची नव्हे, सव्वाशे घरांची.

"माशी कुठून आली, हे तर सांगावं लागेल," आबा म्हणाले. "ओढ्याच्या तोंडाला कोणता सापळा आहे?"

"नऊ."

"त्याचा आकडा?"

"एकतीस."

त्यांनी बाहेर नजर टाकली. मग म्हणाले, "वही पावसात भिजली असेल तुझी. नवी कर. लिहिताना नऊ आणि सतरा इकडचं तिकडं होऊ शकतं."

त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "तुझ्या त्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"

फॉर्मचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"तीस ऑगस्ट," मी म्हणाले.

"दिगंबरला सांगतो. गुरुवारी साताऱ्याला घेऊन जाईल."

संध्याकाळी दिगंबर परत आला तेव्हा मी त्याला गोठ्यात गाठलं. तुम्हाला ठाऊक होतं का, असं विचारलं. तो म्हशीच्या पुढ्यात वैरण टाकत राहिला. ट्रॅक्टर तोच चालवत होता, म्हणजे माहीत नसणं शक्यच नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाला, "तुला जायचंय ना? मग आता काही बोलू नकोस."

रविवारी दुपारी मी नवी वही केली. हे मला नीट सांगायला हवं, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही ते अर्धवटच सांगत आले. आबांनी फक्त एका आकड्याची अदलाबदल सुचवली होती. पण एकदम एकतीसवरून चारशे बारावर उडी कुणाला पटली नसती, हे मला कळत होतं. म्हणून मी मागचे चार आठवडे पुन्हा लिहिले. नऊ नंबरला आधी एकशे अठरा, मग दोनशे पाच. तिसऱ्या आठवड्याला मी मुद्दाम आकडा खाली आणला, एकशे सत्त्याऐंशी, कारण त्या आठवड्यात पाऊस जास्त झाला होता आणि पावसात माशी कमी फिरते. मग चारशे बारा. सतरा नंबरला मी मावशीचे आकडे दिले. शाई एकसारखी दिसू नये म्हणून दोन पेनं वापरली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बुधवारची सभा शाळेतल्या सातवीच्या वर्गात भरली. बाकांवर पुरुष, मागं भिंतीला टेकून आम्ही आठ-दहा बायका. नेटके साहेबांनी वहीतले आकडे वाचून दाखवले. नऊ नंबर आला तेव्हा ते अडखळले, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, की इथं मूळ दिसतं. लोकांनी वळून गजरामावशीकडं पाहिलं. ती दाराजवळ टोपली पायाशी ठेवून उभी होती. घाटावरूनच आली होती.

पुढं बराच वेळ बोलणं चाललं. नेटके साहेब सांगत होते, झाड तोडायची काही गरज नाही, पडलेली फळं रोज वेचून पुरली तरी भागेल. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, ते रोज बघायला कोण बसणार, त्याला मालकाला दाखवता येईल असं काहीतरी पाहिजे. कुणी म्हणालं, बाई एकटी आहे, तिला त्रेचाळीस झाडांची झाडलोट होत नसणार. कुणी म्हणालं, नाहीतरी तो पेरू चालत नाही. आबा सगळ्यात शेवटी बोलले. ते म्हणाले, समिती तिला नव्या जातीची चाळीस रोपं फुकट देईल, तीन वर्षांत तिची बागही इतरांसारखी होईल, तिचं भलंच आहे यात. त्यांनी तिचं नाव घेताना आदरानं घेतलं.

मावशी म्हणाली, "माझ्याकडं एवढी माशी न्हाई."

वहीत लिहिलंय, असं दोन-तीन जण एकदम म्हणाले.

"वही कुणी लिव्हली?"

नेटके साहेबांनी माझ्याकडं हात केला.

"मग तिलाच इचारा," मावशी म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरं. ती म्हणली चारशे, तर उद्या सकाळी मी सोता माणसं बोलावून झाडं तोडून घेते. कुणी यायला नको."

पुढच्या बाकावर आबा हातावरच्या घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा बांधत होते. दिगंबर खाली बघत होता. मी उठून उभी राहिले. मावशी माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. शनिवारी ओट्यावर बसून माझा आकडा ऐकायला थांबायची, तशी ती थांबली होती.

"किती होत्या, ताई?" नेटके साहेबांनी विचारलं.

"चारशे बारा."

"नीट मोजल्यास?" हे मावशीनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दोनदा."

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. सभा संपली असं कुणालाच वाटेना, म्हणून कुणी हललं नाही. मग तिनं वाकून टोपली उचलली, "बरं," म्हणाली आणि निघून गेली.

तोडायला दोन दिवस लागले. मी पहिल्या दिवशी दिगंबरबरोबर साताऱ्याला होते, फॉर्म भरायला. जाताना एसटी तिच्या बागेवरूनच घाटाला लागली. चार माणसं कामाला लागली होती आणि ती त्यांना चहा देत होती. फांद्या पडल्या होत्या त्यांना हिरवे पेरू तसेच लगडलेले होते. मी खिडकीकडच्या सीटवर होते. दिगंबरनं माझ्याशी जागा बदलली.

शनिवारी मी पुन्हा वही घेऊन गेले. ते थांबवायला माझ्याकडं कारण नव्हतं. नऊ नंबरची बाटली आता बुंध्यांच्या मधोमध एका बांबूला टांगली होती. मी ती उलटी केली, ओट्याच्या कडेला बसून मोजलं. सहा होत्या. मावशी आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही. मी कागद स्वतःच गुंडाळला आणि कुठं टाकावा ते न कळून पिशवीत ठेवला.

घळीतला ढीग मात्र आबांनी खरंच पुरला. शब्दाला ते पक्के होते. चुन्याच्या सगळ्या गोण्या संपल्या आणि पुढं रोजचं बाद फळ रोज खड्ड्यात जाऊ लागलं. महिन्याभरात सगळ्या सापळ्यांचे आकडे उतरले. दोन महिन्यांत निम्म्या बाटल्या रिकाम्या निघू लागल्या. गाड्या आल्या, माल गेला, एकही परत आला नाही. सगळं खोरं म्हणायला लागलं, बघा, माशीचं घर त्या बाईच्या बागेतच होतं, झाडं गेली आणि माशी गेली. त्याच्या विरुद्ध बोलायला कुणाकडं काही उरलं नव्हतं. माझा खोटा आकडा खरा ठरला होता. दिवाळीच्या आधी शाळेत आबांचा सत्कार झाला आणि त्यांनी भाषणात माझंही नाव घेतलं.

नेटके साहेबांची त्याच सुमारास बदली झाली. वही न्यायला आले तेव्हा पानं चाळत म्हणाले, "एक विचारू का? सतरा नंबरच्या जागी एवढ्या कमी माश्या कशा, हे मला कधी कळलं नाही." मी चहा आणते म्हणून आत गेले. परत आले तेव्हा त्यांनी वही बॅगेत ठेवली होती.

मी बी.एड. केलं. त्यानंतर साताऱ्यातल्या एका शाळेत लागले, दोन वर्षांनी दिगंबरही तिथं आला, आणि आम्ही तिकडचेच झालो. आबा गेले. मी आजही आठवी-नववीला विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांना घेऊन एका कृषी प्रदर्शनात गेले होते. तिथं फळमाशीच्या फलकावर हिरडखोऱ्याचा तक्ता होता, यशस्वी नियंत्रणाचं उदाहरण म्हणून. एकशे अठरा, दोनशे पाच, एकशे सत्त्याऐंशी, चारशे बारा, सहा. एका मुलीनं विचारलं, बाई, मधे आकडा खाली का आला? मी तिला सांगितलं, त्या आठवड्यात पाऊस जास्त होता.

पण गजरामावशीशी मी बोलले ती वेळ त्याच्या बरीच आधीची. झाडं तोडली त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी होती आणि मी सुट्टीला खोऱ्यात आले होते. समितीनं तिला चाळीस रोपं दिली होती, त्यातली उन्हाळ्यात पाण्यावाचून बहुतेक गेली होती. घाटावर विकायला काही उरलं नाही. ती आमच्या शेडमध्ये प्रतवारीच्या कामाला येत होती, हे मला सासूबाईंनी बोलता बोलता सांगितलं.

मी दुपारी गेले. बाकीच्या बायका जेवायला उठल्या होत्या. ती एकटी खिडकीजवळच्या टेबलाशी होती. एकेक पेरू उचलायची, उजेडाकडं धरून फिरवायची, अंगठ्यानं दाबून बघायची आणि एक तर पेटीत ठेवायची, नाहीतर पायाशी असलेल्या घमेल्यात टाकायची.

"कधी आला, वहिनी?" तिनं विचारलं.

तिनं मला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. मी आदल्या दिवशी आले म्हणून सांगितलं. तिचे हात चालूच होते. शेवटी मी जे एक वर्ष मनात घोळवत होते ते विचारलं. "मावशी, तू तर माझ्याबरोबर मोजलं होतंस. तुला आकडा माहीत होता. मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी बोलून कोण ऐकणार हुतं," ती म्हणाली. आवाज साधा होता. "दोन यत्ता शिकलेली बाई मी. झाडं वाचवायला खोटं बोलतीया म्हणले असते. तुझं ऐकलं असतं." तिनं एक पेरू घमेल्यात टाकला. "म्हणून तर तुला इचारा म्हणलं. आन् पुन्हा एकदा इचारलं, नीट मोजल्यास का म्हणून. मला वाटलं, पोरगी घाबरलीया, जरा येळ दिला तर बोलंल."

मी तिला फॉर्मचं सांगायला लागले. शेवटची तारीख, तीन वर्षं, आबांची दारातली खुर्ची, सगळं एकातून एक भराभर निघालं. ती ऐकत होती. मधे तिनं मला थांबवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "झालं मग शिक्षण?"

"परीक्षा झाली. निकाल यायचाय."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं पुढचा पेरू उचलला आणि खिडकीकडं धरला, पण मधे मी उभी होते.

"जरा बाजूला सरा, वहिनी," ती म्हणाली. "उजेड अडतोय. अळी दिसत न्हाई."

मी बाजूला झाले.